संकष्टीचा चंद्र आणि साडेनऊ तासांची वजाबाकी

परवा संकष्टीला आमच्या फॅमिली ग्रुपवर पुण्याच्या काकूने पंचांगाचा फोटो टाकला, चंद्रोदय रात्री ९.४०, आणि न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने लगेच विचारलं, "साडेनऊ तास वजा केले तर आमच्याकडे दुपारी १२.१० येतात, भर दुपारी चंद्र कुठे दिसणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. वजाबाकीही बरोबर आहे, फक्त ती इथे लागूच होत नाही.

टाइम झोनची वजाबाकी एवढंच सांगते की हाच क्षण दुसरीकडच्या घड्याळात किती वाजता दाखवला जातोय. (हा फरकही कायम साडेनऊ तासांचा नसतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा होतो, कारण अमेरिकेत घड्याळं मागेपुढे करतात.) पण चंद्रोदय हा सगळ्या जगाचा एक क्षण नाही, तो ज्या त्या गावाचा असतो. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, मुंबई-नागपूरमध्ये साधारण सव्वासहा अंशांचं अंतर, म्हणून नागपूरला चंद्र सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. मुंबईचं स्वतःचं घड्याळ तर १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होतं! न्यू जर्सी पुण्याच्या पश्चिमेला जवळपास १४८ अंश. तेवढी पृथ्वी फिरेपर्यंत दहा तास जातात, आणि चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो त्यामुळे या दहा तासांत तो आणखी २० मिनिटं मागे पडतो. शिवाय अक्षांशाचा फरक आहेच, म्हणून तिथली वेळ तिथल्याच गावाची बघायची.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तिथी मात्र अख्ख्या जगात एकाच क्षणी बदलते! पृथ्वीवरून बघताना चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते, असे १२-१२ अंशांचे ३० तुकडे, आणि चंद्राचा वेग कमीजास्त होतो म्हणून एखादी तिथी २० तासांच्या आसपास संपते तर एखादी २६ तास चालते. म्हणजे तिथीला टाइम झोनची वजाबाकी चालते आणि चंद्रोदयाला चालत नाही, आणि संकष्टीला दोन्ही लागतात, कारण चंद्रोदयाला चतुर्थी असावी लागते. समजा एप्रिलमध्ये चतुर्थी मंगळवारी सकाळी ६ ला लागली. न्यू जर्सीत तेव्हा सोमवारचे रात्रीचे साडेआठ, दोनेक तासांनी तिथे चंद्र उगवला की चतुर्थी आहेच, म्हणजे त्यांची संकष्टी सोमवारी. पुण्यात चंद्र मंगळवारी रात्री उगवणार, म्हणून पुण्यात अंगारकी आणि न्यू जर्सीत साधी संकष्टी, चतुर्थी तीच!

यावरून "चुकीच्या दिवशी केलं तर दोष लागतो" असले फॉरवर्ड फिरतात, ते कृपया पुढे पाठवू नका. हा कोनाचा आणि क्षितिजाचा हिशोब आहे, त्यात भिण्यासारखं काहीही नाही.

बहिणीला म्हटलं पंचांगाच्या ॲपमध्ये गाव बदल, पुण्याऐवजी तुझं एडिसन टाक. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी चहा घेत होतो तेव्हा तिचा फोटो आला, मेपलच्या झाडामागे नुकताच वर आलेला पिवळसर चंद्र, आणि खाली ताटात मोदक.