नेत्रदोलन (निस्टॅगमस)

डोळ्यांची आपोआप, लयीत होणारी आणि ठरवूनही न थांबणारी हालचाल. ती बहुधा आडवी, क्वचित उभी किंवा गोलाकार असते. नेहमीच्या प्रकारात बुबुळ एका बाजूला सावकाश सरकते आणि झटक्याने परत येते. नजरेत भरतो तो झटका, नेत्रदोलनाची दिशाही त्यावरूनच नोंदवतात. पण मूळ दोष संथ सरकण्यात असतो, झटका ही निव्वळ दुरुस्ती. दुसऱ्या प्रकारात दोन्हीकडची गती सारखी असते.

निरोगी माणसाचे डोळेही असे हलतात. धावत्या गाडीतून खांब पाहताना, किंवा फुगडी थांबल्यावर आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव फिरतच असतो तेव्हा. कानाचे डॉक्टर रोबेर्ट बारानी यांनी कानात गार किंवा कोमट पाणी सोडून उमटणारे नेत्रदोलन अभ्यासले; आतल्या कानाच्या तोलयंत्रणेवरील कामासाठी त्यांना १९१४चे नोबेल मिळाले.

जन्मजात प्रकार पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतो. रंगहीनता (अल्बिनिझम, म्हणजे त्वचा-डोळ्यांत रंगद्रव्य नसणे), जन्मजात मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचे विकार मागे असू शकतात. काही घराण्यांत एक्स गुणसूत्रावरील एफआरएमडी७ जनुकातील बदल. अशा मुलाला जग सहसा हलताना दिसत नाही. एका विशिष्ट कोनात दोलन सर्वांत कमी होते, म्हणून ते मान तिरकी धरते. ‘मान सरळ ठेव’ असे त्याला दटावणे म्हणजे त्याची नजर अंधूक करणे होय.

मोठेपणी उद्भवणाऱ्या प्रकारात मात्र समोरचे दृश्य थरथरते. पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंच्या आवरणाचा आजार), लहान मेंदूचे किंवा आतल्या कानाचे विकार, मद्य, फेनिटॉइनसारखी फिटवरची औषधे, थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) कमतरता ही काही कारणे. चक्कर, दुहेरी दिसणे, चालताना तोल जाणे यांसह ते अचानक सुरू झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

तपासताना डॉक्टर बोट हळूहळू फिरवून त्याकडे पाहायला सांगतात. हलती वस्तू नसेल तर, कोऱ्या भिंतीवर, बहुतेकांना नजर सलग सरकवता येत नाही. बोटाचा हा नजरेने होणारा पाठलाग तुटक झाला की नजर मागे पडते आणि छोट्या उड्यांनी वस्तू गाठते. लहान मेंदूच्या बिघाडात असे होते. पण वय, थकवा, गुंगीची औषधे यांमुळेही होते. त्यामुळे एवढ्यावरून निदान करणे धाडसाचे.

पूर्ण बरे होणे दुर्मिळ. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स किंवा प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) यांनी दृष्टी सुधारते. गॅबापेंटिन, मेमँटिन ही औषधे काहींचे दोलन कमी करतात. केस्टेनबाउम शस्त्रक्रियेत डोळ्यांचे स्नायू हलवून शांत कोन समोर आणतात.