वाचा आणि भाषा: ‘बोलता येत नाही’ याचे दोन अर्थ

पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाबद्दल आपण सरसकट ‘वाचा गेली’ म्हणतो. त्यात दोन निराळे बिघाड असू शकतात. पहिला डिसआर्थ्रिया. यात जीभ, ओठ, घसा हलवणारे स्नायू साथ देत नाहीत, उच्चार जडावतात. पण काय म्हणायचंय ते डोक्यात पक्कं असतं. हात चालत असेल तर माणूस लिहून दाखवतो. दुसऱ्यात जीभ ठणठणीत, शब्दच सापडत नाहीत किंवा वाक्य जुळत नाही, आणि लिहायला बसवलं तरी तीच गत. हा अफेजिया. मराठीत त्याला ‘वाचाघात’ म्हणतात, म्हणजे गोंधळ नावातच. घात होतो तो भाषेचा.

१८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी जवळपास ‘तान’ एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासला. डाव्या अर्ध्याच्या पुढच्या भागात इजा होती. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला: बोलणं घडाघडा, पण अर्थाचा पत्ता नाही, इजा डावीकडेच, पण मागे, कानाच्या बाजूला. आज भाषेचं काम अशा एकदोन ठिकाणांवर न सोपवता परस्परांशी जोडलेल्या जाळ्याचं मानतात.

मला सगळ्यांत पटणारा पुरावा मात्र सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिरांचा आहे. डाव्या मेंदूला इजा झाली की त्यांचीही भाषा बिघडते. हात एरवी नीट हलतात, खुणांचं व्याकरण मोडतं. इथे ना आवाज, ना जीभ. आणि खुणांनी बोलणाऱ्या आईबापांची कर्णबधिर बाळं हातांनी बडबडतात, हे १९९१ च्या एका अभ्यासात दिसलं.

बाळात भाषा वाचेच्या आधी सुरू होते. इंग्रजी घरांतल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ऐकू येतो, वर्षाच्या आसपास बहुतेकांचा तो जातो, कारण कान घरच्या भाषेला बसतो. पहिला शब्द फुटतो साधारण तेव्हाच, पण काही शब्दांचे अर्थ त्याआधी कळू लागलेले असतात.

म्हणून तीन वर्षांचं मूल ‘घलात उंदील आला’ म्हणालं तर हसावं आणि ऐकावं. ‘र’ कच्चा आहे, पण ‘घर’चं ‘घरात’ करणं, क्रियापद उंदराशी जुळवणं, सगळं जागेवर आहे. याच वयाचं दुसरं मूल ‘गाडी’, ‘चेंडू’ खणखणीत म्हणतं, पण दोन शब्द जोडत नाही. ‘चेंडू टेबलाखाली ठेव’ सांगितलं तर नुसतं बघत राहतं. लोक पहिल्याची काळजी करतात. थांबू नये ते दुसऱ्याच्या बाबतीत: आधी श्रवणचाचणी, मग स्पीच थेरपिस्ट.

लहानपणी मेंदूत लवचीकपणाही भरपूर असतो. जन्माच्या सुमारास डावी बाजू दुखावलेली कितीतरी मुलं पुढे भाषा शिकतात; उजवी बाजू ते काम उचलते. तशीच इजा मोठ्या वयात झाली, तर अफेजिया अनेकदा कायमचा राहतो.