पार्श्वभूमी: दोन चंद्र आणि ‘भांग’चा घोळ

आपल्या काल्पनिक जगात नवीन आलेले सारखं विचारतात की ‘निजपाणी’ काय प्रकार आहे, नकाशात तर भांग लिहिलंय. आमच्या समुद्रात भरती-ओहोटी थांबते त्या वेळेचीच ही दोन नावं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

पहिल्या नकाशाच्या वेळी एवढंच होतं की समुद्र आई, दोन चंद्र तिची पोरं, दोघं एकदम घरी आले की आईला भरून येतं. सरळ पुराणातलं, मंथनातून निघालेला चंद्र दिसला की समुद्राला उधाण. पण तिथेच असंही आहे की पाणी वाढत नाही, चुलीवरच्या भांड्यातल्यासारखं फुगतं, आणि चढउतार 510 अंगुळं. डायरेक्ट आकडा! त्यावरूनच काहींना गणिताची खाज सुटली.

मग धाकट्याचं वस्तुमान थोरल्याच्या एक अष्टमांश ठरलं आणि अंतर निम्मं. भरतीची ओढ अंतराच्या घनाने घटते, म्हणजे दोघांची ओढ बरोब्बर सारखी, आणि दगड एकाच जातीचा धरला तर आकाशातही एकाच मापाचे दिसतात. थोरल्याची फेरी 30 दिवसांची, धाकट्याची 10.6. सूर्याचा वाटा आम्ही जवळपास शून्य केला, चीटिंग आहे, मान्य. तर दोघं काटकोनात आले की एकाची भरती दुसऱ्याच्या ओहोटीत जिरते आणि पाणी थांबतं, दर सव्वाआठ दिवसांनी.

ह्याला सुरुवातीला ‘भांग’ म्हटलं, शाळेच्या भूगोलात अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीला तसं म्हणतात म्हणून. एका महाशयांनी त्यावर समुद्र भांग पिऊन पडतो अशी कथाच रचली आणि ती सगळ्यांना इतकी आवडली की एका बेटावर त्याचा सणसुद्धा सुरू झाला. आमच्यातला दिवा कोळीवाड्याचा मित्र मात्र वैतागला, म्हणे भांगाला पाणी कमी चढतं, थांबत नाही रे. अष्टमीला आम्हाला ऐरोलीच्या जेट्टीवर घेऊन गेला. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशोब तिथीची पाऊणपट, म्हणजे आठची सहा, आणि सहाच्या पुढेमागे खाडी भरलीच. फक्त दगडावरच्या कालवांची वरची ओळ कोरडी राहिली, उधाणाला ती बुडते. बस्, हाच भांग. मला तरी तेव्हाच विषय संपलेला वाटला, पण कथावाले दोन महिने भांडले, शेवटी मतदान झालं आणि दोन मतांनी ‘निजपाणी’ आलं. सण तसाच राहिला, जुने नकाशेही कोणी बदलले नाहीत, आळस दुसरं काय.

आता प्रश्न आमच्या जगातल्या नाखव्यांचा, त्यांनी भरतीची वेळ कशी काढायची. पाऊणपट तिथे चालत नाही, तिथी कुठल्या चंद्राची धरणार? सध्या त्यांच्याकडे गाठी मारलेल्या दोन दोऱ्या दिल्यात, एक तीस गाठींची, एक अकरा, आणि अकरावी गाठ दहावीच्या जरा जवळ मारलेली.