पावागढ

गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यातील, बडोद्याच्या ईशान्येस सुमारे ५० किमी.वर सपाट मुलखातून एकटाच उठलेला डोंगर, त्यावरील गिरिदुर्ग आणि कालिकामातेचे ठाणे. पायथ्याला सुलतान महमूद बेगड्याची राजधानी चांपानेर हिचे अवशेष असून दोन्ही मिळून ‘चांपानेर–पावागढ पुरातत्त्वीय उद्यान’ या नावाने २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. यादीतील मुख्य क्षेत्र सुमारे १,३२९ हेक्टर आहे. बडोदे शहरातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते. बडोद्याच्या मराठी घरांतून पावागढला जाणे मुख्यतः दोन निमित्तांनी होते : नवरात्रातले देवीदर्शन आणि पावसाळा सरल्यावरची पायी सहल. पहिल्या निमित्ताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत नोंदीत डोंगराची घडण, तीवर बेतलेली तळी आणि पायवाट यांवर भर दिला आहे, कारण पावागढवरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट पाणी कोठे साठते यावर ठरलेली आहे.

उंची : अनेक ठिकाणी ७६२ मी. हा आकडा आढळतो. काही ठिकाणी ८०० ते ८३० मी. असा. ७६२ मी. म्हणजे नेमके २,५०० फूट. जुन्या इंग्रजी वर्णनांतला फुटांतला गोल आकडा पुढे मीटरमध्ये रूपांतरित होऊन रूढ झाला, असे मानणे सयुक्तिक आहे. शिवाय एक मोजणी पायथ्याच्या मैदानापासूनची आणि दुसरी समुद्रसपाटीपासूनची, अशी सरमिसळही झालेली दिसते. चालणाऱ्याच्या दृष्टीने चांपानेरपासून माथ्यापर्यंत सुमारे ७०० मी. चढ आहे, एवढे धरून चालावे.

भूरचना : पावागढ दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे सह्याद्रीच्याच जातीच्या खडकाचा आहे, मात्र भोवतालचा मुलूख त्याहून फार जुन्या क्वार्टझाइट, फिलाइट व ग्रॅनाइट खडकांचा आहे. लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक बसलेले आहेत. घट्ट थर टिकून कडा होतो, त्याखालचा सच्छिद्र थर झिजून मागे सरतो आणि मध्ये सपाटी उरते. माची व मौलिया ही पठारे अशाच सपाट्या होत. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल. माथा मात्र वेगळा आहे. तेथे काळ्या बेसाल्टऐवजी फिकट रंगाचा, सिलिका अधिक असलेला ऱ्हायोलाइट आढळतो. त्याला उभ्या भेगा असल्याने शिखराचे कडे ताठ तुटलेले आहेत.

खालून वर जाताना ऑलिव्हिनयुक्त बेसाल्टापासून ऱ्हायोलाइटपर्यंत इतक्या प्रकारचे लाव्हे एकाच डोंगरात मिळावेत, ही दख्खनच्या पठारात दुर्मिळ गोष्ट आहे. भूशास्त्रज्ञ लुईस फर्मर यांनी १९०६ मध्ये येथील लाव्ह्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून ऱ्हायोलाइटच्या उत्पत्तीचा वाद चालू आहे. एका मतानुसार मूळ बेसाल्टी शिलारस थंड होत असताना जड खनिजे आधी स्फटिक होऊन तळाला बसली आणि उरलेला रस सिलिकासमृद्ध होत गेला. शेवटी त्यातूनच ऱ्हायोलाइट निघाला. दुसऱ्या मतानुसार तप्त शिलारसाने वाटेतले जुने कवच वितळवले आणि ऱ्हायोलाइट मुख्यतः त्या वितळलेल्या ग्रॅनाइटी द्रव्याचा आहे. समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) अभ्यासात कवचाच्या मिश्रणाच्या खुणा दिसतात, तर मधल्या रासायनिक घडणीचे खडकही येथे सापडत असल्याने पहिले मत अगदीच सोडता येत नाही. दोन्ही क्रिया एकत्र घडल्या, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. पावागढ हे स्वतंत्र ज्वालामुखी केंद्र होते की एकेकाळच्या सलग पठाराचा झिजून उरलेला तुकडा, हा प्रश्न याच्याशी निगडित आहे. खडकांची विविधता पाहता जवळपास स्थानिक उद्रेककेंद्र असावे, याकडे कल झुकतो. काळ साडेसहा कोटी वर्षांच्या मागेपुढे धरतात. खंबातची खचदरी आणि नर्मदेची भ्रंशरेषा यांच्या सांध्यापासून डोंगर फार दूर नाही, हेही या संदर्भात लक्षात घेतले जाते.

तळी : घट्ट बेसाल्टातून पाणी सहजी झिरपत नाही. त्यामुळे पठाराच्या खोलगट भागाला एका बाजूने बांध घातला की पावसाचे पाणी महिनोन् महिने टिकते. मौलिया पठारावर आणि त्याच्या वर तेलिया, छासिया व दुधिया ही तळी या पद्धतीची आहेत. पायथ्याला चांपानेरच्या पूर्वेस वड तळाव हे सर्वांत मोठे असून त्याच्या काठी कबुतरखाना नावाची वास्तू व खजुरी मशीद आहे. विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ र. ना. मेहता यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९६९ नंतरच्या वर्षांत चांपानेर येथे उत्खनन केले. त्यात उघड झालेल्या अमीर मंझिल या वाड्यात पाण्याच्या पन्हळी, हौद व बागेची आखणी स्पष्ट दिसते. शहरात घरोघरी पावसाचे पाणी धरून ठेवण्याची सोय होती. हालोलकडून येणाऱ्या रस्त्यालगतची वलयाकार पायऱ्यांची विहीर आवर्जून पाहावी. तिचा जिना विहिरीच्या भिंतीला बिलगून गोल फिरत खाली उतरतो, आणि असा नमुना गुजरातच्या सरळ पायऱ्यांच्या वावांमध्ये विरळा आहे.

इतिहास : डोंगरावरची सर्वांत जुनी उभी वास्तू म्हणजे छासिया तळ्याजवळचे लकुलीश मंदिर. ते दहाव्या–अकराव्या शतकातले मानतात. शैवांच्या पाशुपत पंथाचा प्रवर्तक लकुलीश बडोद्याजवळच्या कारवण (कायावरोहण) येथला, अशी परंपरा असल्याने त्याचे मंदिर या डोंगरावर असणे स्वाभाविक आहे. पुढे खीची चौहानांनी येथे राज्य केले. त्यांचा शेवटचा राजा लोककथांत पताई रावळ म्हणून येतो. गरब्यात स्त्रीरूपाने आलेल्या देवीचा पदर त्याने धरला आणि तिच्या शापाने राज्य बुडाले, ही कथा गुजरातीत सर्वतोमुखी आहे. ती पराभवानंतर रचली गेली असावी. महमूद बेगड्याने सुमारे वीस महिन्यांच्या वेढ्यानंतर १४८४ मध्ये किल्ला घेतला. वेढा इतका लांबला त्याचे श्रेय इतिहासकार तटबंदीला देतात. त्यात वरच्या तळ्यांचाही वाटा मोठा असला पाहिजे, कारण पाण्यासाठी खाली उतरावे न लागणारी शिबंदी उपासमार होईपर्यंत टिकते. बेगड्याने पायथ्याच्या शहराला मुहम्मदाबाद नाव देऊन राजधानी तेथे आणली. जामी मशिदीच्या पूर्ततेची साले वेगवेगळी दिली जातात. ती सोळाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पुरी झाली, इतके म्हणणे सुरक्षित.

१५३५ मध्ये हुमायूनने किल्ला घेतला. कड्याच्या भेगांत लोखंडी मेखा ठोकून रात्री माणसे वर चढवली, असे मोगल बखरकार सांगतात. त्यानंतर राजधानी अहमदाबादला परतली आणि चांपानेर रानात गेले. अठराव्या शतकात किल्ला मराठ्यांकडे आला व त्या शतकाच्या उत्तरार्धात ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा झाला. बडोदे गायकवाडांचे आणि दृष्टीच्या टप्प्यातला पावागढ शिंद्यांचा, अशी स्थिती बराच काळ होती. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला, सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर शिंद्यांना परत दिला. १८५३ मध्ये पंचमहालचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये मुलखांच्या अदलाबदलीत प्रदेशही.

पायवाट : बडोद्याहून एसटीने थेट किंवा हालोलला गाडी बदलून चांपानेरला पोहोचता येते, हालोल ते चांपानेर ७ किमी. आहे. पुढे मोटाररस्ता माचीपर्यंत जातो. माचीहून १९८६ पासून रोपवे चालू आहे आणि पायऱ्यांचा मार्गही आहे. पायऱ्या दोन हजारांच्या आसपास आहेत. रोपवेने गेले तरी वरच्या स्थानकापासून मंदिरापर्यंत काही शे पायऱ्या चढाव्याच लागतात. मंदिराच्या शिखराचे नूतनीकरण २०२२ मध्ये झाले.

डोंगर समजून घ्यायचा तर चांपानेरहून पायी निघावे. जुनी वाट अटक दरवाज्यातून आत शिरते आणि पुढे एकामागून एक दरवाजे लागतात : बुढिया, सदनशाह, गुलन-बुलन इत्यादी. दरवाजे साधारणपणे तेथेच आहेत जेथे वाट एका थरावरून वरच्या थरावर चढते आणि तिला कड्याला बिलगावे लागते. सात कमान या वास्तूतून खालचे चांपानेर पूर्ण दिसते. चांपानेर ते माची दीड ते दोन तास, माची ते माथा सव्वा ते दीड तास आणि उतरायला दोन तास, असा हिशेब मध्यम चालीच्या माणसाने ठेवावा. वास्तू पाहायच्या असल्यास दोन तास आणखी. बडोद्याहून पहिल्या गाडीने निघून थंडीत सातच्या आत चढाईला लागले तर काळा दगड तापण्याआधी माची मागे पडते. माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, फेब्रुवारीनंतर चार. माचीवर चहा-पाणी मिळते; पण माचीपर्यंतच्या जुन्या वाटेवर आणि मौलियाच्या आडवाटांवर भरवशाचे काही नाही. वरच्या तळ्यांचे पाणी साचलेले असते आणि त्यात निर्माल्यही पडते, म्हणून ते उकळल्याशिवाय पिऊ नये. शिदोरी म्हणून थेपले व लोणचे बरे. दही-भात उन्हात दुपारपर्यंत आंबतो.

नवलखा कोठार ही घुमटांची धान्यकोठी पठाराच्या कडेवर, खोल दरीला लागून आहे. तेथे वाळलेल्या गवताखाली मुरूम असतो. बुटाची पकड गवतावर नव्हे, मुरमावर सुटते, म्हणून कठड्याविना असलेल्या कडेपासून दोन-तीन मीटर आतच थांबावे. कमानींच्या आत व कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळे असतात. त्यांच्याखाली शेकोटी, धूप, फटाके वा तीव्र सुगंधी अत्तर टाळावे. माश्या उठल्या तर हात न हलवता तोंड झाकून दूर पळणे हाच उपाय. वानरे प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. प्रसाद व खाऊ हातात न धरता पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावा.

येथे होणाऱ्या बहुतेक फजित्या उतरताना होतात. रोपवेने उतरू असे ठरवून लोक पाय दमवून बसतात आणि जोराचा वारा सुटला की रोपवे थांबतो. नवरात्रात व पौर्णिमेला रांगच इतकी असते की चालणारा आधी खाली पोहोचतो. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, त्यामुळे गुडघ्यावर अनपेक्षित धक्के बसतात. काठी, आखूड पावले आणि माचीवर पंधरा मिनिटांची विश्रांती यांनी ते बरेच टळते. परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवावी. चैत्र व आश्विन नवरात्रांत खासगी वाहने पायथ्याशीच अडवतात. केवळ भ्रमणासाठी हे दिवस टाळलेलेच बरे.

ऋतू : जुलै–ऑगस्टमध्ये माथा ढगात असतो, दगडावर शेवाळ धरते आणि जुन्या वाटेवरचे झिजलेले फरशीदगड साबणासारखे होतात. विजा चमकू लागल्यास शिखर व कोठाराची कड सोडून खालच्या पठारावर यावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. तळी भरलेली, गवत हिरवे आणि वाट कोरडी, असा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत मिळतो. मार्चपासून पानगळीचे रान उघडे पडते. सावली नसते, मात्र थरांच्या पायऱ्या दुरूनही स्वच्छ दिसतात आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हाच काळ सोयीचा.

परिसर : विश्वामित्रीच्या खोऱ्यातला आजवा जलाशय (सयाजी सरोवर) महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात, १८९० च्या सुमारास, बडोद्याच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधला. बांध मातीचा आहे. या जलाशयात आणि विश्वामित्रीच्या शहरातील पात्रातही मगरी आहेत. म्हणून काठापासून किमान दहा मीटर दूर बसावे, पाण्यात पाय सोडू नयेत, भांडी धुऊ नयेत. मार्च ते जुलै हा अंडी व पिल्लांचा काळ असल्याने वाळूच्या उतरत्या काठावर मादी अधिक आक्रमक असते. तीच नदी पुढे १८७९ मध्ये उघडलेल्या सयाजी बागेतून, म्हणजे बडोदेकरांच्या कमाटी बागेतून जाते.

डभोईजवळचे वढवाणा तलावक्षेत्र गायकवाडी सिंचनासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले गेले. ते २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी येथे कलहंस, पट्टकादंब आणि लालसरी बदके उतरतात. पाहायला सूर्योदयानंतरचे दोन तास चांगले. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडावा. पावागढच्या आग्नेयेस जांबुघोडा अभयारण्य (सुमारे १३० चौ. किमी.) असून तेथे बिबट्या व अस्वल आहेत. तेथील कडा नावाच्या जलाशयाच्या परिसरात मुक्कामासाठी वनखात्याची परवानगी लागते. मोहाची फुले गळतात त्या मार्च–एप्रिलमध्ये अस्वले पहाटे झाडांखाली येतात, त्यामुळे उजाडण्यापूर्वी मोहाच्या रानातून चालू नये.