मोर्स कळ (हौशी रेडिओतील)

मोर्स कळ : मोर्स संकेतलिपीतील ठिपके व रेघा हाताने पाठविण्यासाठी विद्युत मंडल जोडणारे व तोडणारे साधन. व्यापारी तारायंत्रे मागे पडली आणि १९९९ मध्ये जहाजांवरील मोर्सची सक्ती संपली, तेव्हापासून कळीचा रोजचा वापर मुख्यतः हौशी रेडिओत (हॅम रेडिओत) टिकून आहे. हौशी प्रक्षेपक या पद्धतीला ‘सीडब्ल्यू’ (कंटिन्युअस वेव्ह) म्हणतात. ठिपक्याला ‘डिट’ आणि रेघेला ‘डा’. लिपीची ओळख वाचकाला आहे असे येथे धरले आहे.

उगम : सॅम्युएल मोर्स यांच्या १८३७ च्या उपकरणात हाताने दाबायची कळ नव्हतीच. दाते असलेले धातूचे तुकडे एका पट्टीत मांडत आणि ती पट्टी पुढे सरकवत; दात्यांमुळे तरफ वर-खाली होऊन मंडल जुळे व तुटे. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन–बॉल्टिमोर तारमार्गावर पहिला जाहीर संदेश गेला, तोवर या पट्टीची जागा साध्या हातकळीने घेतली होती. ती म्हणजे लाकडी पाटावर बसवलेली लवचिक धातूची पट्टी आणि खाली एक संपर्कबिंदू, इतकेच. स्मिथसोनियन संग्रहालयातील एक कळ या मार्गावरची मानली जाते.

ही कळ कोणी घडवली, यावर बरेच लिहिले गेले आहे. न्यू जर्सीतील स्पीडवेल लोखंड कारखान्याच्या मालकाचा मुलगा आल्फ्रेड व्हेल सप्टेंबर १८३७ च्या करारान्वये मोर्स यांचा भागीदार झाला. त्याने केलेल्या सुधारणांचे पेटंटही मोर्स यांच्याच नावे घ्यावयाचे, अशी त्या करारात अट होती. त्यामुळे कागदपत्रांवरून दोघांचे काम वेगळे काढता येत नाही. १८८८ मध्ये फ्रँकलिन पोप यांनी एका लेखात व्हेल यांची बाजू जोरात मांडली आणि कळीबरोबर ठिपके-रेघांच्या लिपीचे श्रेयही त्यांना दिले. उलट, व्हेल यांनी स्वतः १८४५ च्या आपल्या पुस्तकात लिपीवर हक्क सांगितलेला नाही. कळ आणि नोंदयंत्र यांच्या घडणीत मुख्य हात व्हेल यांचा होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लिपीबाबतचा दावा त्या मानाने दुबळा आहे.

पुढची पायरी म्हणजे टेकूवर झुलणारी तरफ. सुमारे १८५० च्या आगेमागे पाठीवर उंचवटा असलेल्या पितळी तरफांच्या कळी रूढ झाल्या. त्यांचा पोलादी आस पितळेत वेगळा ठोकून बसवलेला असे आणि वापराने तो ढिला पडे. जे. एच. बनेल यांच्या फेब्रुवारी १८८१ च्या पेटंटात तरफ आणि आस पोलादाच्या एकाच तुकड्यातून कापलेले आहेत. आजच्या अमेरिकी धर्तीच्या बहुतेक कळी या घडणीच्याच वंशातल्या. दिवसभर वर-खाली हात चालवून तारबाबूंच्या मनगटाला जडणाऱ्या दुखण्यावर उपाय म्हणून आडव्या हालचालीच्या कळी आल्या. होरेस मार्टिन यांचे व्हायब्रोप्लेक्स (पेटंट १९०४) त्यांतले सर्वांत टिकाऊ ठरले. त्यात लवचिक पट्टीवरचा दांडा थरथरत राहून डिट आपोआप उमटवतो, डा मात्र हातानेच द्यावे लागतात. या वर्गाला ‘बग’ म्हणतात.

प्रकार आणि निवड : सरळ कळ (वर-खाली दाबायची साधी कळ), साइडस्वाइपर, बग आणि पॅडल असे चार प्रकार वापरात आहेत. साइडस्वाइपरमध्ये एकच पाते डावी-उजवीकडे आलटून पालटून दाबतात आणि सगळी लांबी हातानेच मोजतात. ती वापरणारे थोडे आहेत. पॅडल म्हणजे बोटांनी बाजूने दाबायची पाती; ते स्वतः काहीच मोजत नाही. त्याला नेमक्या लांबीचे डिट-डा उमटवणारे कीयर नावाचे इलेक्ट्रॉनिक मंडल लागते. ते बहुतेक आधुनिक संचांत आतच असते.

निवडीचा पाया म्हणजे वेग. प्रमाण शब्दाची (पॅरिस) लांबी ५० मात्रा (एक मात्रा म्हणजे एका डिटची लांबी) धरतात, म्हणून एका डिटची लांबी मिलिसेकंदांत काढायची तर १,२०० ला मिनिटाच्या शब्दसंख्येने भागावे. मिनिटाला ८ शब्दांच्या वेगात डिट १५० मिलिसेकंदांचा आणि डा त्याच्या तिप्पट, म्हणजे ४५० चा होतो. २० शब्दांना हे आकडे ६० आणि १८० वर येतात. सरळ कळीवर २० शब्दांपर्यंत बहुतेकांचा हात सुबक चालतो. त्यापुढे डिट-डाचे प्रमाण बिघडू लागते आणि ऐकणाऱ्याला त्रास होतो. म्हणून २० च्या वर काम करायचे असेल तर पॅडल घ्यावे.

नवशिक्याने आधी काय घ्यावे, यावर दोन मते आहेत. एका मताप्रमाणे पॅडलने सुरुवात केली तर अक्षरांची लय पहिल्यापासून अचूक कानी पडते. दुसऱ्या मताप्रमाणे सरळ कळीने लांबी मोजायची शिस्त हातात बसते आणि ती पुढे कुठल्याही कळीवर कामी येते. आधी सरळ कळ आणि महिनाभरात पॅडल, हा क्रम अधिक सोयीचा दिसतो. मात्र ऐकण्याचा सराव पाठविण्याच्या पुढे असला पाहिजे; ज्या वेगाने ऐकू येत नाही त्या वेगाने पाठवू नये.

जुन्या कळींत अमेरिकी लष्कराची जे-३८ सर्वांत सुपरिचित. दुसऱ्या महायुद्धात ती अनेक कारखान्यांनी बनवली. खेळण्यातल्या आगगाड्या करणारी लायोनेल कंपनी त्यांतलीच. अमेरिकी तारमार्गांचे मंडल संदेश नसतानाही जोडलेलेच ठेवत, म्हणून या कळीच्या बाजूला मंडल जोडून ठेवणारा एक छोटा दांडा असतो. रेडिओला जोडताना तो उघडा आहे ना हे आधी पाहावे, कारण तो मिटलेला राहिला तर प्रेषक एकसारखा चालू राहतो आणि शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर जळू शकतात. ब्रिटिश टपाल खात्याच्या धर्तीच्या कळीला तीन जोडस्क्रू असतात: तरफेचा, पुढच्या संपर्काचा आणि मागच्या संपर्काचा. मागचा संपर्क तारमार्गावर येणारा संदेश घेण्यासाठी होता. रेडिओसाठी फक्त तरफ आणि पुढचा संपर्क जोडावा. चुकून मागचा जोडला गेला तर हात उचलल्यावर प्रक्षेपण होते आणि दाबल्यावर थांबते. जुन्या बाजारातून घेतलेल्या कळीवर संपर्क झिजून खोलगट झालेत का आणि आस बाजूला हलतो का, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. बाकी दोष दुरुस्त होतात.

मुठीच्या उंचीवरून बैठक ठरते. अमेरिकी मूठ चपटी आणि बुटकी असते. कळ टेबलाच्या कडेपासून सुमारे ४५ सेंमी. आत ठेवून कोपरापर्यंतचा हात टेबलावर टेकवतात. ब्रिटिश मूठ उंच व नासपतीच्या आकाराची असते. कळ कडेजवळ ठेवतात, हात अधांतरी राहतो आणि हालचाल मनगटातून येते. एका पद्धतीची कळ दुसऱ्या बैठकीत वापरली की दहा मिनिटांत मनगट भरून येते आणि दोष कळीला दिला जातो.

सरळ कळ लावणे : महागड्या कळीपेक्षा नीट लावलेली साधी कळ चांगली. आधी सगळे चेकनट (स्क्रू जागेवर घट्ट धरणारे नट) सैल करावेत. आसाचे दोन्ही बाजूंचे स्क्रू इतकेच आवळावेत की तरफ आडवी हलणार नाही, पण स्प्रिंग काढल्यावर स्वतःच्या वजनाने सहज खाली पडेल. मग वरचा आणि खालचा संपर्क एकमेकांवर सपाट बसतात का हे उजेडासमोर डोळा लावून पाहावे. एका कडेलाच टेकत असतील तर आस थोडा सरकवावा. संपर्कांमधील फट सुरुवातीला व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, साधारण ०.३ मिमी. ठेवावी, हात बसला की ती कागदाच्या जाडीपर्यंत, म्हणजे सुमारे ०.१ मिमी.पर्यंत आणता येते. स्प्रिंगचा ताण शेवटी लावावा. बोटे मुठीवर नुसती टेकवली तर मंडल जुळता कामा नये, आणि दाब सोडताच तरफेने बोटांना वर उचलून नेले पाहिजे.

ताण कमी पडला तर डिट एकमेकांना चिकटतात आणि ‘एच’चा ‘एस’ ऐकू येतो. ताण जास्त झाला तर डिट तुटक येतात. फट मोठी असेल तर कळ खडखडते, पण रेडिओवर डिट बारीक उमटतात. चेकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. म्हणून स्क्रू पेचकसाने धरून नट आवळावा आणि फट पुन्हा मोजावी; नवशिक्यांचे निम्मे गोंधळ इथेच होतात.

बग लावताना दांड्याची थरथर बोटाने थांबवून पाते डिटच्या बाजूला धरून ठेवावे आणि डिटचा स्क्रू संपर्काला जेमतेम शिवेल इतकाच पुढे आणावा. बरोबर लागला आहे की नाही हे काट्याच्या ओहममापकावर कळते: डिटची मालिका चालू असताना काटा पूर्ण जोडणीच्या निम्म्यावर स्थिरावतो. वेग कमी करायचा तर दांड्यावरचे वजन बाहेर सरकवावे.

पॅडल आणि आयँबिक पद्धती : पॅडलला एक किंवा दोन पाती असतात. उजव्या हाताने काम करणारे अंगठ्याने डिट आणि तर्जनीने डा देतात. दोन पाती एकत्र चिमटली की कीयर डिट-डा आळीपाळीने देत राहतो. यालाच आयँबिक म्हणतात. चिमटा सोडल्यावर काय व्हावे, यावरून दोन प्रकार पडले आणि हौशी मंडळींतला हा एक जुना वाद आहे. ‘ए’ प्रकारात चालू असलेला डिट किंवा डा पुरा होऊन कीयर थांबतो. ‘बी’ प्रकारात त्यानंतर उलट्या जातीचा एक घटक जास्तीचा येतो. ‘ए’ हा जॉन कर्टिस यांच्या १९७० च्या दशकातील कीयर-चिपांशी आणि ‘बी’ हा त्याच दशकातील अ‍ॅक्यू-कीयर या मंडलाशी जोडला जातो. ‘बी’ योजून केला होता की तर्कमंडलाच्या रचनेतून आपसूक निघाला, याबाबत एकवाक्यता नाही; दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते. कर्टिस यांच्याच नंतरच्या एका चिपमध्ये दोन्ही प्रकार मिळू लागले.

फरक प्रत्यक्षात कसा जाणवतो ते ‘सी’ (डा-डिट-डा-डिट) या अक्षरावरून दिसते. डाचे पाते आधी दाबून दोन्ही पाती चिमटायची. ‘ए’ प्रकारात शेवटचा डिट सुरू झाल्यावर सोडायचे. ‘बी’ प्रकारात त्याआधीच्या डावरच सोडायचे, कारण शेवटचा डिट कीयर स्वतः घालतो. ‘बी’ची सवय असलेला हात ‘ए’वर बसला तर ‘सी’चा ‘के’ होतो. ‘ए’ची सवय असलेला ‘बी’वर बसला तर शेवटी एक डा जास्तीचा येऊन अक्षरच राहत नाही. उधारीच्या संचावर अचानक हात बिघडला असे वाटले, तर आधी मेनूतला हा पर्याय पाहावा. एका पात्याच्या पॅडलवर चिमटा घेताच येत नाही, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. वेगवान स्पर्धकांपैकी अनेकजण याच कारणाने एकपाती पॅडल पसंत करतात. १९५० च्या दशकातील अल्टिमॅटिक पद्धतीत शेवटी दाबलेल्या पात्याचा घटक चालू राहतो. ती आज थोड्याच कीयरांत मिळते.

पॅडलचे वजन किलोभर तरी असावे, नाहीतर ते बोटांपुढे सरकते. हलके असेल तर खाली पोलादी पट्टी बसवावी.

जोडणी : बहुतेक संचांना ३.५ मिमी.चा स्टीरिओ प्लग चालतो, काही मोठ्यांना ६.३५ मिमी.चा. टिपवर (प्लगच्या टोकावर) डिट, रिंगवर (मधल्या कड्यावर) डा आणि स्लीव्ह (मागचा नळीसारखा भाग) सामाईक ही रूढ मांडणी. सरळ कळ टिप आणि स्लीव्ह यांत जोडून रिंग मोकळी सोडावी. मोनो प्लग वापरला तर तो रिंगला स्लीव्हशी जोडतो आणि कीयर चालू असल्यास प्लग घालताच डांची माळ सुरू होते. प्लग बरोबर असूनही कळ दाबल्यावर एका लांब सुराऐवजी डिटची माळ आली, तर संचातला कीयर बंद करायचा राहिला आहे. नवी जोडणी नेहमी डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रोधावर) आणि कमी शक्तीवर तपासावी.

जुन्या व्हॉल्व्हच्या प्रेषकांत कॅथोडमध्ये कळ असल्यास उघड्या कळीवर शेकडो व्होल्ट येऊ शकतात. त्यांना उघडी पितळी कळ थेट जोडू नये, मध्ये रिले किंवा ट्रान्झिस्टर घालावा. आजच्या संचांत उलटी अडचण आहे. कळीतून काही मिलिअँपिअरच जातात आणि एवढ्याशा प्रवाहाने संपर्कावरचा मळ जळून जात नाही. त्यामुळे पूर्वी जोमाने चाललेली कळ नव्या संचावर डिट गाळते. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत चांदीच्या संपर्कावर काळा थर लवकर धरतो. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्कांत धरावी, हलके दाबून ओढून घ्यावी, आणि नंतर कोरडी पट्टी ओढावी. काचपेपर किंवा कानस वापरू नये. मुलामा निघून जातो आणि चरे पडलेला पृष्ठभाग आणखी लवकर काळा होतो.

पूर्ण शक्तीवर गेल्यावर कीयर वेड्यासारखे जास्तीचे डिट देऊ लागला तर रेडिओलहरी कळीच्या वायरीत शिरत आहेत. वायर धातूच्या जाळीचे आवरण असलेली घ्यावी, प्लगजवळ तिचे पाच-सहा वेढे फेराइट कड्यावर द्यावेत आणि प्रत्येक संपर्कावर ०.०१ मायक्रोफॅरडचा धारित्र लावावा.

भारतात : सार्वजनिक तारसेवा १८५४ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढली. भारतात मात्र सामान्य श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांची परीक्षा ठेवण्यात आली, मर्यादित श्रेणीला ती नाही. या वेगाला कुठलीही सरळ कळ पुरते. घरगुती पॅडलसाठी हॅक्सॉचे दोन ब्लेड, तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचा तुकडा आणि जड लाकडी ठोकळा एवढे साहित्य लागते. जोडणीच्या जागी ब्लेडवरचा रंग कानसून काढावा, नाहीतर डाख धरत नाही. सरावासाठी ५५५ टायमर या चिपचा सुमारे ६०० ते ७०० हर्ट्‌झ सुराचा आंदोलक पुरतो.