स्क्रीनचा पासंग

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा पाहिला असेल, तर मुरलेला व्यापारी नुसती ढिगावरून नजर फिरवून बोली लावत नाही, हे ठाऊक असेल. तो हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग उजेडात धरून बघतो. याच गावात राहून मावसबहिणीच्या हळदीचा अल्बम केला तेव्हा मला मात्र एवढंही सुचलं नाही. आठवडाभर खपून फोटो सुधारले आणि प्रिंटला दिले. आले ते सगळे काळवंडलेले, आणि हळद पार केशरी गेलेली. तावातावानं लॅबवर गेलो. तिथल्या माणसानं वाद घातला नाही. प्रिंट दाराशी, सावलीतल्या उजेडात धरली आणि म्हणाला, "दादा, स्क्रीन कधी लावून घेतलाय का?"

शेजारच्या मिरजेत तंबोरा लावतात हे माहीत होतं. स्क्रीनही लावावा लागतो, म्हणजे त्याचे रंग जुळवून घ्यावे लागतात, हे तेव्हा कळलं.

घोटाळा मुळात असा, की फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाला ० ते २५५. एखाद्या ठिपक्याला २२५, १६५, ० असे आकडे असले, की तो हळदीच्या जवळचा पिवळा. पण २२५ लाल म्हणजे नेमका किती आणि कुठला लाल, हे ज्या त्या स्क्रीनवर ठरतं. टीव्हीच्या दुकानात एकच क्रिकेटची मॅच दहा टीव्हींवर चालू असते आणि मैदानं दहा तऱ्हेची हिरवी दिसतात, ती यामुळेच.

हळदीची गंमत आणखी वेगळी. हळदीतलं कुर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश गिळतं आणि उरलेला परत पाठवतं, म्हणून ती पिवळी. स्क्रीनवर पिवळा दिवा नसतोच. लाल आणि हिरवा शेजारीशेजारी पेटतात आणि डोळा फसतो. गडद हळदीत निळ्याचा आकडा शून्यापर्यंत घसरतो. तिथून खाली जायला जागा नाही, त्यामुळे गालावर सुकून भेगाळलेली हळद फोटोत ऑइलपेंट फासल्यासारखी सपाट दिसते. रंग 'उठावा' म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, ओढणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे एकदा मोठं करून बघावं.

मग माझ्या डोळ्यांना चूक दिसली कशी नाही? डोळा मोठा समजूतदार, तिथंच घात होतो. लाइट गेल्यावर मेणबत्तीपाशी वही पांढरी दिसते आणि ट्यूबलाइटखालीही पांढरीच, खरं तर दोन्ही उजेडांत आभाळ-जमिनीचं अंतर. समोर जे सगळ्यात उजळ, त्याला मेंदू पांढरं मानून मोकळा होतो. बरेचसे नवे स्क्रीन निळसर आणि झगझगीत लावलेले असतात, दुकानात नजरेत भरावेत म्हणून. माझाही तसाच होता. 'पांढरा' जमून गेला, पण चेहरे फिके वाटले म्हणून मी पिवळा वाढवला. सगळंच उजळ दिसत होतं म्हणून फोटो जरा दाबले. प्रिंटवर दोन्ही चुका उघड्या पडल्या.

उजेडाचा हिशोब करून बघू. ३०० लक्स उजेडाच्या, म्हणजे चांगल्या उजळ खोलीत पांढरा कागद दर चौरस मीटरला साधारण ८५ कँडेला (हे उजळपणाचं माप) उजेड परत फेकतो. नवा स्क्रीन २५० ते ३०० कँडेला फेकत असतो. म्हणजे कागदाच्या तिप्पट! प्रिंट काळी येण्याचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं, आणि शिव्या लॅबवाल्याला बसतात. फोटोच्या कामासाठी म्हणून ८० ते १२० कँडेला ठेवतात. पांढरा ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा.

हे डोळ्यानं जमत नाही, म्हणून कलरीमीटर. माउसएवढं यंत्र, स्क्रीनवर लटकवायचं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतं, यंत्र ते मोजतं, आणि मागितलेला रंग व मिळालेला रंग यांतला फरक टिपला जातो. मोजायची पट्टी १९३१ सालची. माणसाची नजर रंग कसे जुळवते, याचे ब्रिटनमध्ये राइट आणि गिल्ड या दोघा संशोधकांनी स्वतंत्र प्रयोग केले होते, त्यांवरून ती ठरली. दोन्हींत मिळून १७ माणसं होती. जगभरचं रंगमापन अजूनही त्या १७ जणांच्या नजरेवर उभं आहे, याचं मला फार नवल वाटतं.

मोजून झालं की प्रोफाइल नावाची एक फाइल तयार होते. हा तराजूचा पासंग. पारडी जन्मतःच सारखी नसतात, म्हणून हलक्या बाजूला जरासं वजन बांधतात, तसंच हे. तुमचा स्क्रीन हिरव्याकडे झुकत असेल, तर फोटोचं सॉफ्टवेअर ही फाइल वाचून आकडे तेवढे फिरवून पाठवतं. एका तराजूचा पासंग दुसऱ्याला चालत नाही. त्याच मॉडेलची प्रोफाइल नेटवरून उतरवून घेणारे बरेच भेटतात. एकाच कारखान्यातले दोन स्क्रीनही सारखे नसतात, आणि आतले दिवे जुने होतात तसा रंगही सरकतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी परत मोजायचं.

यंत्र महाग वाटत असेल तर चार फोटोग्राफरांत मिळून एक घ्यावं, रोज थोडंच लागतं? तोवर स्क्रीनच्या मेनूत एसआरजीबी (रंगांचं एक ठरलेलं प्रमाण) मोड असेल तर तो लावावा, ब्राइटनेस उतरवावा, स्क्रीन अर्धा तास तापू द्यावा, रात्री स्क्रीन पिवळसर करणारा नाइट लाइट बंद आहे ना ते बघावं. आणि समोर बसताना भगवा टी-शर्ट नको. त्याची झाक काचेत उतरते.

अल्बम मी परत केला. या वेळी निळ्याचा आकडा जपला, तर गालावरच्या हळदीच्या भेगा प्रिंटमध्येही दिसल्या. मावशीला तेच फोटो मोबाईलवर पाठवले. तिचा फोन आला, "अरे, पोरगी एवढी पिवळीजर्द कशी रे?" घरी जाऊन पाहिलं, तर मोबाईलचा डिस्प्ले 'व्हिव्हिड'वर, म्हणजे रंग भडक करणाऱ्या सेटिंगवर होता. मी अल्बम काढून तिच्या हातात दिला आणि तिला खिडकीपाशी नेलं.