जाळं फाडणारा संगमरवर

इटलीच्या तोस्काना भागात तालामोने नावाचं लहानसं बंदर आहे. तिथलं शिल्पदालन नीट पाहायचं तर पाठीला हवेची टाकी बांधून पाण्यात उतरावं लागतं. इटलीतल्याच करारा गावच्या शुभ्र संगमरवरात कोरलेले भलेमोठे चेहरे तिथे समुद्राच्या तळावर ठेवले आहेत. ते कोरणाऱ्यांपैकी एक म्हणजे ब्रिटिश शिल्पकार एमिली यंग. तिच्या बरोबरीने इतरांनीही शिल्पं दिली. दालनाचं नाव 'कासा देइ पेश्शी', म्हणजे माशांचं घर. ते उभं राहिलं एका मच्छीमाराच्या हट्टापायी, आणि त्याला कलेची हौस होती म्हणून नव्हे.

या मच्छीमाराचं, पाओलो फांचुल्लीचं, भांडण ट्रॉलरवाल्यांशी, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या बोटींशी होतं. युरोपीय नियमांनुसार भूमध्य समुद्रात किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत तळ खरवडणारं ट्रॉलिंग सहसा करता येत नाही, आणि समुद्री गवताच्या कुरणांवर तर नाहीच. पण रात्री, दिवे मालवून येणाऱ्या बोटीला कोण अडवणार?

ट्रॉल जाळ्याची रचना एकदा समजून घेतली की पुढचं सगळं उलगडतं. बोटीमागे दोन दोरखंड, त्यांना दोन जड फळ्या. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबाने फळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि जाळ्याचं तोंड उघडं राहतं. जाळ्याची खालची कड साखळ्यांनी आणि वजनांनी जड केलेली असते, म्हणजे ती तळाला घासत जाते. शेतात नांगर फिरावा तशीच, फक्त इथे पेरणी कुणी करत नाही.

आणि नांगरलं जातं काय, तर पोसिडोनिया हे समुद्री गवत. इथली पोसिडोनिया ओशनिका ही जात फक्त भूमध्य समुद्रात सापडते. दिसते शेवाळासारखी, पण तिला मुळं, खोड, पानं आहेत, फुलं आणि फळंही येतात. फिती​सारख्या लांब पानांत माशांची पिल्लं लपतात, आणि पानांखाली खोड-मुळांचा व गाळाचा थर साचत काही मीटर जाड होतो. त्यात कार्बन हजारो वर्षं कोंडलेला राहतो. अडचण एवढीच की हे गवत आडवं पसरतं ते वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर. एका रात्रीत खरवडलेला पट्टा भरून यायला कित्येक दशकं जातात.

आधी इथे काँक्रीटचे ठोकळे टाकून झाले होते. ते पुरे पडेनात. मग फांचुल्लीने कराराच्या एका खाणमालकाकडे संगमरवराचे दोन ठोकळे मागितले. मालक फ्रांको बारात्तीनी याने दिले शंभर! जाळं अशा कित्येक टनी दगडात अडकलं की फाटतं, आणि नवं जाळं घेणं ट्रॉलरवाल्याला परवडत नाही. इथे गस्तीच्या बोटीचं काम दगड करतो. माझ्या मते या दालनाची खरी करामत हीच आहे. कोरीवकामामुळे लोकांचं लक्ष गेलं आणि देणग्या आल्या, पण बिनकोरलेला ठोकळाही जाळं तितकंच फाडतो.

हा संगमरवर मुळात समुद्राचाच. ज्युरासिक काळात उथळ पाण्याच्या तळाशी चुन्याचा गाळ साचला, पुढे जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने त्याचा स्फटिकमय दगड झाला. आता तो परत पाण्यात गेल्यावर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, त्यावर सूक्ष्म शैवाल, मग तरंगत आलेल्या समुद्री जीवांच्या अळ्या घर करतात. पण चुनखडीचा दगड पोखरणारे जीवही समुद्रात आहेत. इटलीतच पोझ्झुओली गावात प्राचीन रोमन बाजाराचे संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांवर बऱ्याच उंचीवर लिथोफॅगा नावाच्या शिंपल्याने पाडलेल्या भोकांचा पट्टा आहे. तिथली जमीन एकेकाळी समुद्रात खचली आणि पुन्हा वर आली, हे त्या भोकांवरूनच कळलं. तालामोनेचे चेहरेही असेच हळूहळू पोखरले जातील. शिल्पकाराला ते कसं वाटतं कोण जाणे, माशांची मात्र सोय होते.

मेक्सिकोत कानकुनजवळच्या पाण्याखालच्या संग्रहालयाचं गणित निराळं. तिथले सुमारे ५०० पुतळे आहेत ते नैसर्गिक प्रवाळांवरची पाणबुड्या पर्यटकांची गर्दी दुसरीकडे वळवण्यासाठी. साधं सिमेंट फार अल्कधर्मी, कोवळ्या जीवांना ते सोसत नाही, म्हणून तिथे खास उदासीन सिमेंट वापरलं. अशा बांधकामांमुळे मासे वाढतात, हा दावा मात्र सरसकट मानू नये. आसपासचे मासे नुसते एका जागी गोळा होतात की खरंच नवे वाढतात, यावर शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. नुसते गोळा होत असतील आणि मासेमारीही चालूच राहिली, तर उलट ते पकडणं सोपं होतं.

आपल्याकडे सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त आयएनएस गुलदार बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ, म्हणजे माशांना आसरा देणारा बांधीव खडक, करण्याची योजना आहे. पर्यटनाच्या अंगाने ती छानच आहे. पण बुडालेलं जहाज जाळी अडवतं ती फक्त स्वतःच्या लांबीरुंदीपुरती. तालामोनेला दगड एका ढिगात नाहीत, ट्रॉलर जिथून शिरतात त्या वाटांवर अंतराअंतराने विखुरले आहेत. कोकणात पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक बोटींचा झगडा वर्षानुवर्षं चालू आहे. पुढचा दगड कुठे टाकायचा असं विचारलं, तर मालवण-वेंगुर्ल्याचा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा पारंपरिक मच्छीमार, त्या वाटा बोटाने दाखवेल.